शब्द हुडकणारा डॉक्टर

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या पावसाळ्यात आज्जीचे पोट दुखू लागले. गावातले काढे झाले, तालुक्याच्या गोळ्या झाल्या, शेवटी चुलत्यांनी तिला मुंबईला बोलावून घेतले. एका मोठ्या इस्पितळात ज्या तरुण डॉक्टरांसमोर आम्ही बसलो ते दक्षिणेकडचे होते. त्यांना मराठी येत नव्हते आणि आमच्यापैकी कुणाला हिंदी धड येत नव्हती. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा दुभाष्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले.

आज्जी सांगत होती, आणि फार नेमके सांगत होती. ठणका नाही, मुरडाही नाही. जेवल्यावर घटकाभराने उजव्या कुशीत कळ येते, ती पाठीत चमक मारून जाते आणि नंतर रात्रभर नुसते हुळहुळत राहते. एवढे सगळे ऐकून मी डॉक्टरांना सांगितले, पेन. त्यांनी विचारले, कशा प्रकारचे? मी म्हटले, मच पेन. त्यांनी पुन्हा शांतपणे विचारले आणि मी त्यात व्हेरी घातले. आज्जी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. आपण एवढे बोललो आणि पोरीने दोनच शब्दांत कसे आटोपले, हे तिला कळेना. मला मात्र ते चांगलेच कळत होते.

पुढे तपासणीत पित्ताशयातले खडे निघाले, दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली आणि आज्जी आता ठणठणीत आहे. पण ते व्हेरी मच पेन माझ्या मनातून जाईना. कॉलेज सुरू झाल्यावर इंग्रजीच्या सरांना ही हकिगत सांगितली. त्यांनी मला ग्रंथालयात पाठवून एक जाडजूड पुस्तक काढायला लावले. ते म्हणजे रॉजेचा थिसॉरस. मी कार्डावर रॉजेट असे लिहिले होते. सरांनी सांगितले की शेवटचा टी उच्चारायचा नाही, नाव मूळचे फ्रेंच आहे. इंग्रजीला शब्द पुरवणाऱ्या माणसाचे नावच फ्रेंच, याची मला गंमत वाटली आणि मी त्याची माहिती काढू लागले. ती या अंकाच्या वाचकांपुढे ठेवते.

पीटर मार्क रॉजेचा जन्म १८ जानेवारी १७७९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जाँ रॉजे जिनीव्हाचे, लंडनमधल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट चर्चचे धर्मोपदेशक. पीटर चार वर्षांचा असताना, १७८३ साली, ते क्षयाने गेले. आईचे मन त्या धक्क्यातून कधी पुरते सावरले नाही. ती मुलांना घेऊन या गावाहून त्या गावी बिऱ्हाडे बदलत राहिली. मुलाला सवंगडी मिळत आणि सुटत. अशा मुलाने एक वही केली आणि तीत तो शब्दांच्या याद्या करू लागला. प्राण्यांची नावे एकीकडे, शरीराच्या अवयवांची दुसरीकडे, बागेतल्या वस्तूंची तिसरीकडे. घर बदलले तरी वही तीच राहत असे. त्याचे चरित्रकार म्हणतात की मन शांत ठेवण्याचा हा त्याचा उपाय होता. असेलही. आमच्याकडेही दुःखाच्या दिवसांत बायका उगाचच डबे उतरवून पुन्हा लावतात.

चौदाव्या वर्षी तो एडिंबरोला वैद्यक शिकायला गेला आणि १७९८ साली, एकोणिसाव्या वर्षी, डॉक्टर झाला. माझे वय आज एकोणीसच आहे, म्हणून हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला.

पण एवढ्या कोवळ्या डॉक्टरकडे रोगी कोण येणार? काही वर्षे त्याने मिळेल ते काम केले. १७९९ मध्ये ब्रिस्टलजवळ डॉ. बेडोज यांच्या संस्थेत हंफ्री डेव्ही हा तरुण शास्त्रज्ञ नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, लोकांना हुंगवून पाहत होता. हुंगल्यावर काय वाटले ते प्रत्येकाने लिहून द्यायचे असे. इतरांनी आनंदाची वर्णने केली. रॉजेला मात्र तो वायू मुळीच मानवला नाही आणि तसेच त्याने लिहून दिले. पूर्वी कधी न आलेला अनुभव शब्दांत मांडायला बसणे किती अवघड, हे त्याला तेव्हाच कळले असावे. त्यानंतर काही दिवस जेरेमी बेंथम या विचारवंताबरोबर अन्न थंड ठेवण्याच्या घराची योजना झाली. ती तशीच राहिली.

त्याच्या आयुष्यातला सर्वांत चित्तथरारक प्रसंग १८०३ सालचा. मँचेस्टरच्या फिलिप्स नावाच्या कापूस-गिरणीवाल्याची दोन मुले घेऊन तो त्यांचा शिक्षक म्हणून युरोपच्या प्रवासाला निघाला होता. पॅरिस पाहून मंडळी जिनीव्हाला पोहोचली. तोपर्यंत इंग्लंड-फ्रान्समधला तह मोडला आणि नेपोलियनने आपल्या मुलखातल्या अठरा ते साठ वयाच्या सर्व इंग्रज पुरुषांना कैद करण्याचा हुकूम काढला. जिनीव्हा तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात होते. रॉजेने दोन्ही मुलांना पुढे सुरक्षित जागी पाठवले आणि स्वतः कागद शोधू लागला. वडील जिनीव्हाचे, म्हणून आपणही जिनीव्हाचेच नागरिक, असे त्याला सिद्ध करायचे होते. जुन्या नोंदवहीतून वडिलांच्या जन्माची नोंद काढून त्याने ते सिद्ध केले. दाखल्यासाठी हेलपाटे घालणे म्हणजे काय हे आम्हा विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको, पण त्या दाखल्यावर स्वातंत्र्य अवलंबून असले तर कसे वाटत असेल!

सुटका झाली तरी सरहद्द ओलांडायची होतीच. रॉजे मुलांना घेऊन आडमार्गाने निघाला. वाटेत कुणी इंग्रजीचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, असे ठरले होते. अखेर ऱ्हाइन नदी ओलांडून ते जर्मन मुलखात पोहोचले. पुढे जगाला इंग्रजी शब्दांचे भांडार देणारा हा माणूस त्या दिवसांत इंग्रजी न बोलल्यामुळे वाचला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याचा मित्र लॉव्हेल एजवर्थ याला असा दाखला नव्हता. तो पकडला गेला आणि १८१४ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षे, फ्रान्समध्ये अडकून पडला.

१८०४ साली रॉजे मँचेस्टरच्या इन्फर्मरीत डॉक्टर म्हणून रुजू झाला. कापडगिरण्यांचे ते धुराचे शहर. दिवसा रोगी, संध्याकाळी व्याख्याने. व्याख्यान देताना, लेख लिहिताना त्याचा शब्दाशी अडायचा. मनात गोष्ट स्वच्छ आहे, पण तिला बसणारा शब्द वेळेवर येत नाही, ही त्याची रोजची तक्रार. ती आपली उणीव भरून काढण्यासाठी १८०५ मध्ये त्याने लहानपणाची सवय पुन्हा उकरली आणि एका वहीत शब्दांची वर्गवारी केली. इथे मी थबकले. इंग्लंडात जन्मलेला, डॉक्टर झालेला माणूस, आणि त्यालाही शब्द सापडत नव्हते! ही वही त्याने छापायला दिली नाही. स्वतःच्या लिहिण्यासाठी जवळ ठेवली, ती पुढे चाळीसहून अधिक वर्षे.

मधल्या चाळीस वर्षांतला रॉजे शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध होता. १८०८ मध्ये तो लंडनला आला. घात आणि मुळे काढता येतील अशी सरकपट्टी त्याने बनवली आणि त्या जोरावर १८१५ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. १८२७ पासून एकवीस वर्षे तो त्या सोसायटीचा सचिव होता. उभ्या फटींमधून फिरते चाक पाहिले की त्याच्या आऱ्या वाकलेल्या दिसतात, यावर त्याने १८२४ मध्ये निबंध वाचला. चित्रपटाच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख हमखास येतो, जरी हलत्या चित्रांचे पुरते स्पष्टीकरण त्यात नाही असे आज मानतात. बुद्धिबळाचाही त्याला नाद होता. हे सगळे मी भराभर सांगते आहे, कारण यातला कोणताही रॉजे मला इस्पितळात उपयोगी पडला नसता.

दुःखे मात्र भराभर सांगता येत नाहीत. त्याचे मामा सॅम्युएल रोमिली हे मोठे वकील. किरकोळ चोरीलाही फाशी देणारे त्या काळचे कायदे सौम्य व्हावेत म्हणून झटलेले. वडिलांच्या पश्चात पीटरला खरा आधार त्यांचाच. १८१८ च्या ऑक्टोबरअखेर त्यांची पत्नी वारली आणि चार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या गळ्यावर वस्तरा चालवला. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर भाचाच होता. त्याच्या हातून ते वाचले नाहीत. पुढे १८३३ मध्ये त्याची पत्नी मेरी कर्करोगाने गेली, दोन लहान मुले मागे ठेवून. त्याने आपल्या माणसांच्या मृत्यूंच्या तारखांचीही एक यादी केली होती. स्वतःचे आत्मचरित्र म्हणून जे लिहिले तेही तारखांची यादीच. ज्याच्याजवळ दुःखासाठी इतके शब्द साठलेले होते, त्याने स्वतःच्या दुःखापुढे फक्त तारीख लिहावी, याचा अर्थ मला अजून नीट लावता आलेला नाही.

१८४८ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, तो सोसायटीच्या कामातून मोकळा झाला. लोक या वयात तीर्थयात्रेला निघतात. रॉजेने ती जुनी वही काढली. तीनेक वर्षे एकसारखे काम करून १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, थिसॉरस प्रसिद्ध केला. पहिली छपाई एक हजार प्रतींची होती.

आता या पुस्तकाची रीत. साध्या कोशात शब्द ठाऊक असतो, अर्थ पाहायचा असतो. इथे उलट, अर्थ मनात असतो आणि शब्द हुडकायचा असतो. म्हणून शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नाहीत. वनस्पती आणि प्राण्यांची शास्त्रज्ञ जशी कुळे पाडतात तशी त्याने कल्पनांची कुळे पाडली. आधी सहा मोठे वर्ग: अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती, भावना. त्यांच्या पोटात एक हजार सदरे. पहिले सदर अस्तित्वाचे, हजारावे देवळाचे. विरुद्ध कल्पना शेजारी-शेजारी, जणू एकाच ताटात गोड आणि कडू. मूळ आवृत्तीत शारीरिक सुख ३७७ वे आणि त्याला लागूनच शारीरिक दुःख ३७८ वे. पुस्तकाच्या शेवटी वर्णानुक्रमाची सूची जोडली आहे. रॉजेला अभिमान होता तो वर्गवारीचा, पण वाचणारे सगळे (मीसुद्धा) आधी सूचीच उघडतात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे म्हणून सांगते. अशा तऱ्हेचे पूर्वी कुणी काही केले आहे का, हे रॉजेने शोधले तेव्हा त्याला सर्वांत जुना सापडला तो आपला अमरकोश. कोलब्रुकने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते. प्रस्तावनेत रॉजेने त्याची दखल घेतली, पण त्याची वर्गवारी सदोष ठरवली. अमरसिंहाने आपला कोश पाठ करण्यासाठी श्लोकांत रचला होता आणि सुरुवात स्वर्गापासून केली होती. रॉजेचा प्रवास देवळापाशी संपतो. दोघांची वाट निराळी, तेव्हा एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजणे मला तितकेसे पटले नाही. अर्थात आमच्या घरात अमरकोश कुणाला पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. पाठ होत्या त्या जात्यावरच्या ओव्या.

थिसॉरसची एक मोठी अडचणही सांगितली पाहिजे. त्यात शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. वाचणाऱ्याला हे शब्द ओळखीचे आहेत, फक्त आठवत नाहीत, असे रॉजेने धरलेले. आम्हाला तर ते भेटतातच पहिल्यांदा. मी सुरुवातीला घरावर निबंध लिहिताना हाउस या शब्दाचा कंटाळा आला म्हणून यादीतला डोमिसाइल उचलला, कारण दाखल्यामुळे तेवढाच माझ्या ओळखीचा. आमच्या डोमिसाइलमध्ये दोन म्हशी आहेत, असे वाक्य तयार झाले. सरांनी त्याभोवती लाल शाईने फक्त एक गोल काढला. तेव्हापासून मी थिसॉरसच्या शेजारी साधा कोश उघडा ठेवूनच बसते.

रॉजे शेवटपर्यंत आपल्या प्रतीत नवे शब्द भरत राहिला. नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. १२ सप्टेंबर १८६९ रोजी, वेस्ट मॉल्व्हर्न येथे, नव्वदाव्या वर्षी तो वारला. त्याने भरलेले शब्द मुलगा जॉन लुइस याने १८७९ च्या आवृत्तीत घातले, आणि पुढे नातवाने ते काम चालवले.

शारीरिक दुःखाचे सदर मी तीन दुपारी बसून उतरवले. वहीच्या डाव्या बाजूला आज्जीचे शब्द, उजवीकडे इंग्रजी. मुरडा म्हणजे ग्राइप, पेटका म्हणजे क्रॅम्प, ठणक्यापुढे थ्रॉबिंग, चमकेपुढे शूटिंग पेन, बारीक चमकेला ट्विंज. सुट्टीत गावी गेले तेव्हा वही आज्जीला वाचून दाखवली. तिने रग, उसण, आग आणि ठसठस हे चार शब्द आणखी घालायला लावले. त्यांतल्या तिघांना इंग्रजी जोडीदार सापडले. उसणेचे अजून चालू आहे. आणि हुळहुळण्यापुढे मी आधी सोअर लिहिले होते, पण आज्जीला त्याचा अर्थ समजावून सांगितल्यावर तिने मान हलवली, म्हणून ते खोडून जागा रिकामी ठेवली आहे.