पुण्यातून तेजोमेघ पाहणारे नायगमवाला

दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडला की आज काही सेकंदांत मृग नक्षत्रातील तेजोमेघ रंगांसह पडद्यावर दिसतो. कॅमेरा प्रकाश साठवत जातो. डोळ्याला ते जमत नाही. नेत्रपटलाच्या मध्यभागी रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी असतात, तर मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी कडेला असतात. म्हणून अंधुक तेजोमेघ किंचित तिरक्या नजरेने पाहिल्यास स्पष्ट दिसतो, पण बहुधा राखाडीच. या डोळ्याच्या भरवशावर महाराष्ट्रात खगोलभौतिकीचा पाया घातला तो कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी.

त्यांचा जन्म 1857 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना, 1882 मध्ये त्यांनी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्याकडून वेधशाळेसाठी पाच हजार रुपये मिळवले. सरकारनेही तेवढीच भर घातली. पुढे त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत झाली आणि 1888 मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची परावर्ती दुर्बीण ही त्या काळातली देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

तेव्हा एका हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. तेजोमेघाच्या वर्णपटातील ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, तेजोमेघ म्हणजे आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असे नॉर्मन लॉकयर मांडत होते. लॉकयर म्हणजे 'नेचर'चे संस्थापक संपादक, मोठे नाव. त्यांचे म्हणणे खरे असते, तर रेषा एका बाजूने पुसट दिसायला हवी होती. नायगमवाला यांनी पुण्याहून ती तपासली. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव होती. 1891 मध्ये त्यांनी ते तसेच प्रसिद्ध केले. ही रेषा अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात नायगमवाला यांच्या पथकाने सोलापूर जिल्ह्यातील जेऊरहून प्रभामंडळाचा अभ्यास केला. मात्र त्यांचे काम पुढे नेणारे कोणी तयार झाले नाही. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. 1938 मध्ये त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या बळावर उभी राहिलेली संस्था त्याच्याबरोबरच संपते, हे आपल्याकडे नवे नाही.

त्यांच्या वाट्याला आलेला काळोख आता शहरांत उरलेला नाही. पारशिवनी आणि रामटेक तालुक्यांत पसरलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे गेल्यावर मोबाइल खिशात ठेवावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यावा. मृगाच्या बाणाखालचा तो धूसर ठिपका साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. अंधारात एरवीही दिसत नसेल, तर मात्र रातांधळेपणाची तपासणी करून घ्यावी.