आहारातच औषध शोधणारा महात्मा

मांजरी - पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग हडपसर ओलांडून मांजरीच्या शिवारातून पुढे लोणी आणि उरुळीला पोहोचतो. मांजरीपासून सुमारे वीस किलोमीटरवरील उरुळी कांचन येथे २२ मार्च १९४६ रोजी महात्मा गांधी मुक्कामास आले. हेतू सभेचा नव्हता; रुग्ण तपासण्याचा होता. ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ दिल्लीत दाखल होत असताना ७६ वर्षांचा हा नेता खेडुतांना कटिस्नान, सूर्यस्नान, ताक आणि फळांचा रस सुचवीत होता. सोबत रामनामही होतेच.

या वेडाची सुरुवात स्वतःच्याच पोटापासून झाली होती. दक्षिण आफ्रिकेत वकिली करीत असताना त्यांना बद्धकोष्ठ आणि डोकेदुखीने ग्रासले होते. सकाळची न्याहारी सोडताच डोकेदुखी थांबली. बद्धकोष्ठ मात्र राहिले. पुढे जर्मन निसर्गोपचारक ॲडॉल्फ युस्ट यांचे पुस्तक वाचून त्यांनी पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली आणि तो त्रासही गेला. औषधाच्या बाटलीवाचून बरे होता येते, हा विश्वास तेव्हापासून त्यांच्या मनात घट्ट बसला.

विश्वासाची परीक्षा पुढे अनेकदा झाली. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. गायी-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी होणारे क्रूर प्रकार हे त्यामागील एक कारण होते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू यांवर राहणाऱ्या गांधीजींना आमांशाने गाठले. प्रकृती इतकी ढासळली की मृत्यू समोर दिसू लागला. १९१९ च्या आरंभी मुंबईत डॉ. दलाल यांनी मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे बजावले. तेव्हा प्रतिज्ञा गायी-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या नव्हे, ही वाट कस्तुरबांनी दाखविली. गांधीजींनी ती स्वीकारली; पण प्रतिज्ञेचे शब्द पाळले, आत्मा मोडला, ही बोच त्यांना आयुष्यभर राहिली.

शरीराचे म्हणणे त्यांनी अखेर ऐकले, हे महत्त्वाचे. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी शाकाहाऱ्याला दुधाची गरज मान्य केली. त्यामागील एक शास्त्रीय कारण त्यांच्या हयातीत पुरते उलगडले नाही. जीवनसत्त्व बी-१२ शुद्ध रूपात वेगळे काढले गेले ते १९४८ मध्ये, म्हणजे त्यांच्या हत्येच्याच वर्षी. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही, दुधातून मिळते. आज औषधांच्या दुकानांत बी-१२ च्या गोळ्या घेणाऱ्या शाकाहारी ग्राहकांना हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही.

१९२९ मध्ये साबरमतीत त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग केला. भिजविलेले धान्य, कच्च्या भाज्या आणि फळे असा तो आहार होता. तो पोटाला झेपला नाही आणि त्यांनी प्रयोग उघडपणे आवरता घेतला. त्याआधी जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून कर्नल मॅडॉक यांनी आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली होती. १९४४ मधील मलेरियातही उपवासाने ताप हटेना, तेव्हा त्यांना क्विनाइन घ्यावे लागले.

मात्र प्रत्येक वेळी ते असे नमले नाहीत. त्याच वर्षी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात असताना मुलगा देवदास यांनी तेव्हा दुर्मिळ असलेले पेनिसिलिन मिळविले. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल, हे कळताच गांधीजींनी नकाराचाच सल्ला दिला. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्या औषधाने त्या वाचल्या असत्या का, हे सांगता येत नाही. पण स्वतःच्या देहावरचा प्रयोग आणि दुसऱ्याच्या देहाबाबतचा निर्णय यांतील अंतर येथे जाणवल्यावाचून राहत नाही. देवीच्या लशीलाही त्यांचा विरोध होता. त्याच लशीने पुढे तो रोग जगातून नाहीसा झाला, आणि उरुळीच्या वाटेवरील मांजरीत आज सीरम इन्स्टिट्यूटचा लसनिर्मिती प्रकल्प उभा आहे!

सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचे मुक्काम होऊ लागले. नोव्हेंबर १९४५ मध्ये निसर्गोपचारासाठी न्यासही स्थापन झाला. पण शहरातील केंद्रात गरीब येणार कसे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही, त्याला ऊन, पाणी, माती आणि गावात पिकणारे अन्न तरी मिळावे, या विचाराने त्यांनी उरुळी निवडली. तेथे त्यांचा भर औषधापेक्षा गावाच्या स्वच्छतेवर अधिक होता, आणि तो आजही कोणाला खोडता येणार नाही.

३० मार्चला दिल्लीच्या वाटाघाटींसाठी त्यांना उरुळी सोडावी लागली. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांत सुरत जिल्ह्यातील मणिभाई देसाई हा तरुण होता. १९९३ मध्ये निधन होईपर्यंत मणिभाईंनी उरुळी सोडली नाही. निसर्गोपचार आश्रमाबरोबरच त्यांनी तेथे गोपालनही वाढविले, आणि त्यातूनच १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभी राहिली. दूध वर्ज्य करणाऱ्या गांधीजींचा हा शिष्य पुढे देशभर ओळखला गेला तो गायींच्या संकरित पैदाशीसाठी.