छत्रपती शिवाजी महाराज आणि पार गावचा पूल

शहाजीराजे व जिजाऊमाँसाहेब यांच्या पोटी दि. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर महाराजांचा जन्म झाला. तोरणा, राजगड, आग्रा ही हकीकत शाळेतील मुलांनाही पाठ असते. पार गावच्या पुलाची गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. इकडे आमगावच्या बाजूस तर ती कानावरही येत नाही.

१६५६ साली महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली. जंगल काय असते हे या भागातील माणसास सांगावयास नको, पण जावळीचे डोंगर व तेथील पाऊस ही बाब वेगळीच. कोकणातून वाईकडे जाणारी पार घाटाची वाट याच मुलखातून जाई. तिच्यावर नजर राहावी म्हणून मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. पायथ्याशी पार येथे अफझलखानाचा तळ पडला आणि दि. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाखाली खान मारला गेला.

याच पार गावाजवळ कोयना नदीवर दगडी कमानींचा एक लहानसा पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो. खांबांची प्रवाहाकडील बाजू टोकदार ठेवलेली आहे, त्यामुळे पुराचे पाणी खांबावर न आदळता दुभंगून जाते. कमानीचे दगड असे बसविलेले असतात की वरून भार आला म्हणजे ते एकमेकांत अधिकच आवळले जातात. बैलांच्या पाठीवरील ओझ्यासाठी केलेल्या सदर पुलावरून पुढे मोटारीही गेल्या. लढाया जिंकणारे पुष्कळ झाले. नदीपलीकडच्या माणसाची अडचण ओळखणारा राजा विरळा.

देवस्थानांकडेही महाराजांचे तसेच लक्ष होते. प्रतापगडावर १६६१ साली भवानीमातेची स्थापना झाली. गोव्यात नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी १६६८ साली करविला. दि. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि तेथेच दि. ३ एप्रिल १६८० रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, महाराजांनी देह ठेवला.

कोयना व सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. महाडजवळ सावित्रीवर इंग्रजी अमदानीत, १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. दि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला, दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या व अनेकांचे प्राण गेले. पारचा पूल त्याहून कितीतरी जुना. त्याने तोही पावसाळा काढला.