गोविंदराव टेंबे

कोल्हापूरजवळच्या सांगवडे या खेड्यात ५ जून १८८१ रोजी गोविंदराव टेंबे यांचा जन्म झाला. त्यांच्या तरुणपणी तो सारा मुलूखच गाण्याने भारलेला होता. इचलकरंजीस बाळकृष्णबुवा आणि कोल्हापूरच्या दरबारी अल्लादियाखाँ असे थोर गवई तेथे नांदत होते. अशा ठिकाणी गोविंदरावांनी हाती घेतली ती मात्र पेटी!

पेटीविषयी जाणत्यांचे मत फारसे चांगले नव्हते. पेटीच्या प्रत्येक पट्टीतून एकच ठरलेला सूर निघतो. गवयाचा गळा एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे अलगद घसरत जातो. त्यास मींड म्हणतात. ही मींड पेटीतून निघत नाही. गोविंदरावांनी बहुतेक स्वतःच्या मेहनतीनेच हे वाद्य साध्य केले. पुढे त्यांस भास्करबुवा बखले यांचा सहवास लाभला. बुवांच्या गाण्यास साथ करता करता त्यांनी गायकीच बोटांत उतरविली. त्यांची पेटी ऐकताना लोकांस गाणे ऐकल्याचा आनंद होई.

१९११ साली खाडिलकरांचे ‘मानापमान’ नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदांस गोविंदरावांनी चाली दिल्या. पूर्वीच्या नाटकांत साकी, दिंडी अशा ओळखीच्या चाली पुष्कळ असत. गोविंदरावांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला आणि ती पदे घरोघरी पोहोचली. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

पन्नाशीला आल्यावर माणूस सहसा नवे क्षेत्र धरीत नाही. गोविंदरावांनी ते धरले. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्याचे संगीत त्यांचे होतेच, शिवाय हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. नटास एकाच वेळी अभिनय करावा लागे व गावेही लागे. वादक चित्रात दिसणार नाहीत असे आडोशाला बसत. पाठोपाठ ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ व ‘सैरंध्री’ या चित्रपटांस त्यांनी संगीत दिले.

१९४० साली नभोवाणीने पेटी वर्ज्य ठरविली. गोविंदराव १९५५ साली निवर्तले, तेव्हाही तो निर्बंध कायम होता. तो शिथिल झाला १९७१ मध्ये.