रॉबर्ट जॉन्सन

रॉबर्ट लेरॉय जॉन्सन (८ मे, १९११ : हेझलहर्स्ट, मिसिसिपी – १६ ऑगस्ट, १९३८ : ग्रीनवूडजवळ, मिसिसिपी) हे आफ्रिकन-अमेरिकन ब्लूज गायक, गिटारवादक व गीतकार होते. ब्लूजच्या मोजक्या संग्राह्य अल्बमांत हटकून गणल्या जाणाऱ्या या कलावंताचा एकही अल्बम त्यांच्या हयातीत निघाला नाही.

सॅन अँटोनियो (नोव्हेंबर १९३६) व डॅलस (जून १९३७) येथे त्यांनी एकूण २९ गीते ध्वनिमुद्रित केली. तबकड्यांपैकी ‘टेराप्लेन ब्लूज’ तेवढी बऱ्यापैकी खपली. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्यांनी वादनकौशल्य मिळवल्याची आख्यायिका रंजक खरी. पण तिच्याआड आइक झिमरमन यांच्याकडे केलेला रियाज झाकला जातो.

डिसेंबर १९३८ मधील कार्नेगी हॉलच्या मैफलीसाठी जॉन हॅमंड यांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा ते निवर्तले होते. मैफलीत त्यांच्या तबकड्याच ऐकवण्यात आल्या.

कोलंबियाने १९६१ साली १६ ध्वनिमुद्रणांचा ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ हा अल्बम काढला. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन यांच्यावर त्याचा खोल ठसा उमटला. १९९०च्या समग्र संचात ४१ ध्वनिमुद्रणे आहेत. त्यात एकच गीत लागोपाठ दोनदा येते. अभ्यासकाला ते मोलाचे, मात्र नवख्या श्रोत्याला १९६१चा अल्बमच अधिक सोयीचा.