ढ मुलांचा वकील

शाळेत स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसला असाल, तर बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर आठवत असेल. गटात न बसणारा शब्द ओळखा, मालिकेतली पुढची संख्या सांगा, आरशात आकृती कशी दिसेल ते शोधा... त्या पेपरच्या मार्कांवरून वर्गात हुशार कोण आणि ढ कोण, याची वाटणीच होऊन जायची. हल्ली तेच काम मोबाइलवरची आयक्यूची क्विझ करते. गंमत अशी, की या सगळ्या चाचण्यांच्या मुळाशी ज्याचं काम आहे, त्याला अशी वाटणी नकोच होती. ढ म्हणून वर्गाबाहेर काढली जातील अशा मुलांसाठीच तो या भानगडीत पडला होता. त्याचं नाव आल्फ्रेड बिने.

बिनेचा जन्म १८५७ सालचा, फ्रान्समधल्या नीस शहरातला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघं वेगळे झाले आणि तो आईजवळ वाढला. त्यानं कायद्याची डिग्री घेतली, पण वकिली केली नाही. मग मेडिकलकडे वळला, तेही अर्धवट सोडलं. पुढे काय करायचं ठरवलंस, या प्रश्नानं तुम्ही वैतागला असाल तर हा टप्पा ओळखीचा वाटेल. याच दिवसांत तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून मानसशास्त्र वाचत सुटला. या विषयात ना त्याला कुणी गुरू होता, ना त्याच्याकडे डिग्री.

मग त्याला पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलात शार्को या नामांकित डॉक्टरांकडे काम मिळालं. तिथे संमोहनाचे प्रयोग चालायचे. लोहचुंबक फिरवला की रुग्णाच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणं दुसऱ्या बाजूला जातात, असं बिनेनं आणि त्याच्या सहकाऱ्यानं छापून टाकलं. बेल्जियमच्या देलबफ नावाच्या अभ्यासकाला ते पटेना. तो स्वतः येऊन पाहून गेला. त्याच्या लक्षात आलं, की पुढे काय होणार हे प्रयोग करणारेच रुग्णासमोर बोलतायत आणि रुग्ण त्याप्रमाणे वागतायत. चुंबकाचा काही संबंधच नव्हता. बिनेची जाहीर नाचक्की झाली. शेवटी त्याला चूक कबूल करावी लागली आणि १८९०मध्ये त्यानं ते हॉस्पिटल सोडलं.

हा प्रसंग लक्षात ठेवा. समोरच्याकडून आपण जी अपेक्षा ठेवतो, तीच त्याच्या उत्तरात उतरते, हे बिने इथे ठेच खाऊन शिकला.

आता तो घरीच होता. दोन लहान मुली होत्या, मादलेन आणि आलिस. तो त्यांचं निरीक्षण करू लागला. एक चालायला शिकली ती नीट बघून, आधार पक्का झाल्यावरच पाऊल टाकत. दुसरी मात्र धडपडत, झोकांड्या खात, खुशीत निघायची. मोठ्या झाल्यावरही एक बारकाईनं पाहणारी, तर दुसरी कल्पनेत रमणारी. घर एक, आईबाप तेच, तरी शिकण्याची तऱ्हा वेगळी. मग यातली हुशार कोणती? हा प्रश्नच चुकीचा आहे, असं त्याला वाटायला लागलं.

पुढे सॉर्बोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यानं बिनपगारी काम धरलं आणि तिचा प्रमुखही झाला. प्राध्यापकपद मात्र फ्रान्समध्ये त्याला कधीच मिळालं नाही. त्या काळात डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते, असं मोठमोठे लोक मानत. बिनेही टेप घेऊन शाळांमध्ये गेला आणि हुशार व मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजून आला. फरक निघाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा. इथे चुंबकाचा धडा कामी आला. आपल्याला हवं तेच आपण मोजत नाही ना, अशी शंका त्यानं स्वतःवरच घेतली. पुन्हा मोजून पाहिलं आणि डोकी मोजायचा नाद सोडला.

खरं काम पुढेच होतं. फ्रान्समध्ये १८८२च्या कायद्यानं ६ ते १३ वयाच्या सगळ्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं होतं. वर्ग भरले आणि काही मुलं मागे पडताना दिसू लागली. त्यांचं करायचं काय? ही मुलं शाळेबाहेर किंवा थेट वेड्यांच्या इस्पितळात जाण्याची भीती होती. आणि कुठलं मूल कशामुळे मागे आहे, हे ठरवायची धड पद्धतच नव्हती. एकाच मुलाला एक डॉक्टर एक नाव द्यायचा, दुसरा दुसरंच. शिक्षकांना नकोसं झालेलं द्वाड पोरही मंद ठरायचं. १९०४मध्ये सरकारनं यासाठी समिती नेमली, त्यात बिने होता.

तेओदोर सिमॉन या तरुण डॉक्टरला सोबत घेऊन त्यानं १९०५मध्ये ३० छोट्या कामांची चाचणी तयार केली. जळत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यात फरक कळतो का, इथपासून सुरुवात. मग तीन आकडे ऐकून परत म्हणणं, दोन वजनांतलं जड ओळखणं, शेवटी अवघड शब्दांतला फरक सांगणं. पाठांतराला त्यात फारसा वाव नव्हता. चाचणी घेणाऱ्यासाठीही सूचना होत्या : खोली शांत हवी, मुलाची भीती घालवा, त्याला उत्तर सुचवू नका. सालपेत्रिएरमध्ये खाल्लेल्या ठेचेचा हा उपयोग.

पण चाचणी हे त्याच्या दृष्टीनं निम्मंच काम होतं. मागे पडलेल्या मुलांसाठी १५-२० जणांचे छोटे वर्ग हवेत, असा त्याचा आग्रह होता. गरिबांच्या शाळांत तेव्हा एकेका वर्गात ६०-८० मुलं कोंबलेली असत. या मुलांना आधी व्याकरण नको, शिकायचं कसं ते शिकवा, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी खेळ होते. एक आपल्या स्टॅच्यूसारखाच : इशारा झाला की पुतळा व्हायचं. हसत-खेळत मुलं स्थिर बसायला, लक्ष द्यायला शिकायची. मुलांची नजर शिक्षकांनाच तपासता यावी, याकडेही त्यानं लक्ष दिलं. कारण फळा दिसत नसलेलं मूल आळशी ठरायला वेळ लागत नाही. १९०९मध्ये अशा खास वर्गांचा कायदा फ्रान्समध्ये झाला. त्याच वर्षी आलेल्या पुस्तकात, बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, या समजावर तो तुटून पडला.

सगळंच आज पटेल असं नाही. मुलांसाठी तो आणि त्याचे समकालीन जे शब्द वापरत, ते आता शिव्या वाटतात. पण त्या शब्दांवर थांबायला तो तयार नव्हता.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, ५४व्या वर्षी बिने गेला आणि त्याची चाचणी पोरकी झाली. १९१२मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयानं भागायचं सुचवलं. १९१६मध्ये अमेरिकेत लुइस टर्मननं त्याला १००नं गुणलं. झाला आयक्यू तयार. बिनेनं मदतीची गरज शोधायला केलेलं साधन आता माणसांवर शिक्का मारायला लागलं. एलिस बेटावर उतरणारे स्थलांतरित, इंग्रजी न येणारे गरीब, सगळे याच गाळणीतून जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या. काही राज्यांत मंद ठरवलेल्या बायकांची सक्तीनं नसबंदीही झाली. सिमॉन बरीच वर्षं जगला. आयक्यू म्हणजे मूळ हेतूशी दगाच आहे, असं त्याचं मत होतं.

मराठीत ही चाचणी १९३०च्या दशकात आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. बिने-कामत चाचणी या नावानं ती आजही वापरात आहे. बोर्डाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेमुळे जादा वेळ मिळालेला एखादा मित्र किंवा मैत्रीण तुम्हाला असेल. त्या सर्टिफिकेटसाठी झालेल्या तपासणीत बुद्ध्यांकाची अशी एखादी चाचणी असतेच. म्हणजे ज्या हेतूनं बिनेनं ती बनवली, तो हेतू इथे कुठेतरी जिवंत आहे. त्या मुलाला वेळ हवा, लेखनिक हवा, हे तिच्यातून कळतं आणि त्याची सोय होते.

तरीही कॉलेजात आल्यावर आपण त्यालाच, मज्जा आहे बाबा तुझी, असं ऐकवतो. त्याच्या पाठीमागे सवलतवाला म्हणतो. पुढच्या वेळी तोंडात असं काही आलं, तर त्याच्या शेजारी बसून एक चॅप्टर वाचून बघा. त्याला कुठे अडतंय ते दिसेल. बिनेला एवढंच हवं होतं.