एडिसनचा दहा वर्षांचा ध्यास

थॉमस आल्वा एडिसन हे नाव उच्चारताच विजेचा दिवा आणि फोनोग्राफ यांची आठवण होते. परंतु या थोर संशोधकाच्या आयुष्यातील एक अत्यंत दीर्घ झगडा दिव्यासाठी नव्हे, तर एका विद्युत्घटासाठी झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते. हल्ली रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींच्या शर्यतींचा छंद पुष्कळांना आहे. अशा मोटारीसाठी बॅटरी निवडताना जो प्रश्न पडतो, तोच प्रश्न सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एडिसनपुढे उभा होता. म्हणून त्याच्या चरित्राचा हा भाग विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घेण्याजोगा आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानात मिलान या गावी झाला. शाळेचा लाभ त्याला अवघे काही महिने मिळाला. पुढचे शिक्षण आईने घरीच दिले. लहान वयातच तो आगगाडीत वर्तमानपत्रे विकू लागला आणि सामानाच्या डब्यात त्याने आपली छोटी रसायनशाळाही थाटली. याच सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागले, पण त्यामुळे त्याचा उत्साह मावळला नाही. पुढे तो तारायंत्र चालविण्यास शिकला. त्या काळी तारायंत्रे विद्युत्घटांवरच चालत. त्यामुळे विद्युत्घटाशी त्याची ओळख तरुणपणीच झाली.

१८७६ साली त्याने मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा काढली. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये टिकाऊ दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र अशी यशाची परंपरा सुरू झाली. मात्र लोहखनिज वेगळे काढण्याच्या उद्योगात त्याची मोठी पुंजी बुडाली. अशा वेळी, वयाची पन्नाशी उलटल्यावर, १८९९ च्या सुमारास त्याने विद्युत्घटाचे काम हाती घेतले.

त्या दिवसांत रस्त्यावर वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी धावत. विजेची मोटार आवाज करीत नसे, धूर सोडीत नसे. पण तिच्यातील विद्युत्घटात शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल असे. शिसे अतिशय जड आणि आम्ल धातूंना खाणारे. मोटारीची बरीचशी शक्ती स्वतःचीच बॅटरी वाहून नेण्यात खर्च होई. वजनाने हलका, रस्त्यावरचे धक्के सोसणारा आणि पुष्कळ वर्षे टिकणारा घट करावयाचा, असा निश्चय एडिसनने केला.

आम्लाऐवजी त्याने अल्क, म्हणजे कॉस्टिक पोटॅशचे द्रावण, घेतले. शिशाच्या जागी लोखंड आणि निकेलची संयुगे आली. हजारो प्रयोग झाले. याच काळात स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा संशोधक निकेलबरोबर कॅडमियम आणि लोखंड वापरून पाहत होता. दोघांमध्ये पेटंटांवरून तंटाही झाला. अखेर १९०३ साली एडिसनचा घट बाजारात आला. लोकांनी त्याचे स्वागत केले आणि मागणीही वाढू लागली.

थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. काही घटांतून द्रावण गळे, तर काहींची शक्ती लवकर ओसरे. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना एडिसनने १९०४ च्या अखेरीस विक्रीच थांबविली, सदोष घट परत घेतले आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. यात पैसा गेला आणि त्याहून मोलाचा वेळही गेला; पण आपल्या नावाने लोकांच्या हाती सदोष वस्तू जाऊ द्यावयाची नाही, हा त्याचा निर्धार ढळला नाही. निकेलचे अतिशय पातळ पापुद्रे आणि निकेलचे संयुग यांचे थर पोलादी नळ्यांत दाबून भरण्याची युक्ती अखेर सफल झाली. १९०९ साली सुधारलेला घट विक्रीस आला.

घट उत्तम होता, पण काळ पालटला होता. १९०८ साली हेन्री फोर्डची स्वस्त मोटार निघाली होती. हाच फोर्ड पूर्वी डेट्रॉइटमध्ये एडिसनच्या नावाच्या वीजकंपनीत अभियंता होता आणि १८९६ साली खुद्द एडिसननेच त्याच्या पेट्रोल-इंजिनाच्या कल्पनेस उत्तेजन दिले होते! १९१२ साली पेट्रोलची मोटार विजेच्या साहाय्याने सुरू करण्याची सोय झाली. तेथेही एडिसनचा घट मागे पडला. कारण थंडीत, किंवा एकदम मोठा प्रवाह मागितला असता, त्याचा दाब घसरे. परंतु जेथे टिकाऊपणाची गरज होती, तेथे त्याने नाव काढले. रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे आणि माल वाहणाऱ्या विजेच्या गाड्या यांत तो अनेक वर्षे राबला. त्याचे उत्पादन एडिसनच्या मृत्यूनंतरही १९७५ पर्यंत चालू होते.

आता छोट्या मोटारींकडे पाहू. खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराच्या टूरिंग मोटारींत प्रथम निकेल-कॅडमियमचे सहा घट, म्हणजे ७.२ व्होल्ट, वापरीत. नंतर निकेल-मेटल हायड्राइडचे घट आले. आता बहुधा लिथियम-पॉलिमरचे दोनच घट, ७.४ व्होल्टांचे, असतात. शर्यत साधारणतः पाच मिनिटांची. ४,००० मिलिअँपिअर-तासांचा घटसंच गणिताने पाच मिनिटे सरासरी ४८ अँपिअर प्रवाह देऊ शकेल. मोटारीची गरज त्याहून कमी असेल, तर अधिक मोठा संच केवळ वजन वाढवितो आणि वळणावर मोटार जड होते. उलट, संचाचा अंतर्गत रोध जास्त असला, तर वेग घेताना दाब घसरतो, संच तापतो आणि वेष्टनावरचा मोठा आकडा निरुपयोगी ठरतो. लिथियमच्या घटास ४.२ व्होल्टांपलीकडे भारित करू नये, फुगलेला संच वापरू नये आणि भारित होताना तो एकटा सोडू नये. नाहीतर आग लागण्याचे भय असते.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसनचे निधन झाले. ज्या मोटारीसाठी त्याने दहा वर्षे वेचली, तिच्यावर त्याच्या घटाचे राज्य कधीच आले नाही. तरीही त्याचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल? सर्व गुण एकाच घटात नसतात. काम ओळखून गुण निवडावे लागतात आणि दोष दिसला की नफ्यातोट्याचा विचार न करता तो सुधारावा लागतो. एडिसनच्या त्या दहा वर्षांचा हा धडा, मित्रहो, घटांपुरताच मर्यादित नाही.